मोर्स कानाने शिकवा, तक्त्याने नको

आपल्या तालुक्यात गेले तीन महिने एक वाद चालू आहे. तो पाण्याचा नाही, बायपासचा नाही, बाजार समितीचाही नाही. मोर्स कोड कसा शिकवायचा यावरून आहे. हसू नका. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी हॅम रेडिओचा वर्ग भरतो, तो या वादापायी बंद पडायच्या बेतात आलाय. सुरुवातीला एकवीस पोरं होती, आता नऊ उरलीत. बारा पोरं गळाली ती आळसाने गळाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. मला तसं वाटत नाही.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. हॅम रेडिओ म्हणजे सरकारचा परवाना काढून, स्वतःचा वायरलेस सेट लावून, जगभरातल्या इतर परवानाधारकांशी बोलायचा छंद. मोबाइलचा टॉवर नाही, इंटरनेट नाही. आपला सेट, आपली अँटेना आणि मधे आकाश. राजीव गांधी हॅम होते, त्यांची कॉल साइन व्हीयू २ आरजी. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्याच मोहिमेवर अंदमानात होते. सेट लावलेले होते. बेटांवरचे निरोप बाहेर पोचवायचं काम त्यांनी हाती घेतलं, हे तेव्हाच्या पेपरांत आलेलं आहे.

परवान्याचे दोन दर्जे. रिस्ट्रिक्टेडला लेखी परीक्षा पुरते. वरच्या जनरल दर्जाला लेखीबरोबर मोर्सची अटही आपल्याकडे ठेवली गेली: मिनिटाला ८ शब्द, ऐकून लिहून घ्यायचे आणि की दाबून पाठवायचेही. एक शब्द म्हणजे सरासरी पाच अक्षरं, म्हणजे मिनिटाला ४० अक्षरं. पूर्वी वरच्या ग्रेडला १२ शब्द होते, तेव्हाच्या मानाने ही सवलतच म्हणायची. जगात मात्र २००३ च्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेनंतर प्रत्येक देशाला मोकळीक मिळाली. ब्रिटन-जर्मनीने त्याच वर्षी मोर्सची सक्ती काढली, अमेरिकेने २००७ मध्ये. गंमत बघा, आपल्या सरकारने जुलै २०१३ मध्ये तारसेवा गुंडाळली, पण मोर्सची परीक्षा शाबूत राहिली.

मग काढूनच टाका ना ती परीक्षा, असं बरेच जण म्हणतात. मी त्या बाजूचा नाही, आणि कारण भावनिक नाही, पैशाचं आहे. आवाजाने बोलायचा चांगला सेट आपल्याकडच्या कॉलेजच्या पोराला परवडत नाही. मोर्सचा छोटा ट्रान्समीटर मात्र मोजक्या ट्रान्झिस्टरमध्ये होतो, पेढ्याच्या रिकाम्या डब्यात बसतो आणि पोरगं तो स्वतः सोल्डर करू शकतं. शिवाय आवाजाच्या सिग्नलला साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झची जागा लागते, मोर्सला शे-दीडशेत भागतं. सगळी ताकद एवढ्याशा पट्टीत एकवटते, म्हणून ५ वॅटवर, आकाश चांगलं असेल तर, युरोपपर्यंत आवाज जातो. ५ वॅट म्हणजे घरातल्या एका छोट्या एलईडी बल्बएवढे. तालुक्याच्या गावातल्या पोरासाठी जगात जायचा हा सगळ्यात स्वस्त दरवाजा आहे.

(आपत्तीच्या वेळी मोर्सच कामाला येतो, हे भाषणात सांगतात ते जरा फुगवलेलं आहे. आपत्तीत हॅम मंडळी बहुतेक वेळा बोलूनच काम करतात. समोर तहसीलदार उभा असतो, त्याला दिदिदा ऐकवून काय करणार?)

तर वर्गाकडे येऊ. तिथे तीन पक्ष आहेत. एक, वर्ग सुरू करणारे सर, निवृत्त शिक्षक, मनापासून शिकवणारा माणूस. दुसरे तारखात्यातून निवृत्त झालेले काका, वय ऐंशीच्या घरात. तिसरा पुण्यात नोकरी करून परत आलेला इंजिनिअर, पस्तिशीतला, लॅपटॉप घेऊन येणारा. सरांनी भिंतीवर तक्ता लावला आहे. ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे रेघ-टिंब-टिंब-टिंब. पोरांनी तो पाठ करायचा, मग सर आठच्या वेगाने वाजवणार आणि पोरं लिहिणार. काका म्हणतात आधी हात बसवा. इंजिनिअर म्हणतो, तक्ता फाडा, हातही बाजूला ठेवा, आधी महिनाभर नुसतं ऐका.

मला विचाराल तर या सगळ्यात मुख्य गुन्हेगार तक्ता आहे.

आमच्या इथला पॉलिटेक्निकचा एक मुलगा लेखीत सहज पास झाला आणि मोर्स ऐकण्यात दोनदा गेला. दोन्ही वेळा रात्रीची एसटी, सकाळी परीक्षा, संध्याकाळी परत. त्याला कुणीतरी सांगितलं की तुझा कानच नाही. मी त्याला विचारलं, तू ऐकतोस म्हणजे नेमकं काय करतोस, पायरीपायरीने सांग. तो म्हणाला, "दादा, आधी टिंब-रेघा मोजतो. मग डोळ्यांसमोर तक्ता आणतो. रेघ-रेघ-टिंब-रेघ, म्हणजे उजव्या रांगेत, वरून चौथं. क्यू. तोवर पुढची दोन अक्षरं गेलेली असतात." आता यात कानाचा काय दोष? हे पोरगं ऐकत नाहीये, मनातल्या मनात वाचतंय.

आणि आठचा वेग त्याला या सवयीत ढकलतो. हिशेब सोपा आहे. मोर्समध्ये टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा, अक्षराच्या आतली फट एक मात्रा, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगात एक मात्रा ०.१५ सेकंदाची. क्यू हे अक्षर १३ मात्रांचं, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. दोन सेकंदांत माणूस आरामात मोजू शकतो, म्हणून मोजतो. पण अक्षर संपल्यावर पुढचं सुरू व्हायला अर्धा सेकंदही नसतो, आणि तेवढ्यात तक्ता शोधून होत नाही. म्हणजे मोजायला भरपूर वेळ आणि लिहायला काहीच नाही.

हाच क्यू मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने वाजवला तर पाऊण सेकंदात संपतो. मोजणं शक्यच नाही. मग कानाला दुसरा रस्ताच उरत नाही, तो सगळा तुकडा एक आवाज म्हणून धरतो: दा-दा-दि-दा. आणि अक्षरं अशी पटकन वाजवून मधल्या फटी लांबवल्या, तर एकूण वेग आठच राहतो. मी गणित करून बघितलं, दोन अक्षरांमध्ये साधारण ०.९ सेकंद आणि दोन शब्दांमध्ये दोन सेकंदांहून जास्त शांतता मिळते. लिहायला तेवढी पुरते. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात, एका अमेरिकन हॅमच्या नावावरून. परीक्षा तीच, वेगही तोच, पण शिकणाऱ्याच्या डोक्यात जे घडतं ते पूर्ण वेगळं.

ज्यांच्या घरात तबला आहे त्यांना हे मी सांगायला नको. धा तिरकिट हे बोल कुणी तक्त्यावर डावा हात-उजवा हात असं लिहून पाठ करतं का? आधी तोंडाने म्हणायचे, शंभर वेळा म्हणायचे, मग हात. पाढे आपण कसे शिकलो? बे दुणे चार हे बेरीज करून म्हणत नव्हतो, चालीत म्हणत होतो. टायपिंगच्या क्लासला जाऊन आलेले तर गावात शेकड्याने आहेत. तीस-चाळीसची परीक्षा दिली ना? तिथले सर किबोर्डकडे बघू देत होते का? बघितलं की बोटांवर पट्टी. कारण बघून टाइप करायची सवय एकदा लागली की जात नाही, हे त्या क्लासवाल्यांना माहीत होतं. तेच शहाणपण मोर्सच्या वर्गात आलं की आपण का विसरतो?

सरांचं म्हणणं असं की तक्ता ही जुनी, कसाला उतरलेली पद्धत आहे. इथे मी त्यांच्याशी आदराने वाद घालतो. ती जुनी नाहीच. अमेरिकेत सॅम्युअल मोर्सच्या मंडळींनी १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार पाठवली तेव्हा पलीकडचं यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा काढायचं, आणि त्या खुणा डोळ्यांनी वाचायच्या होत्या. पण थोड्याच वर्षांत तारबाबूंच्या लक्षात आलं की यंत्राचा खडखडाट ऐकूनच कळतंय की काय आलंय, कागद बघायची गरज नाही. सुरुवातीला कंपन्यांना ते पसंत नव्हतं, पुढे कंपन्यांनी पट्टीच काढली आणि नुसता आवाज करणारा साउंडर बसवला. आपल्या तारऑफिसातलं कडकट्ट कडकट्ट ते हेच. म्हणजे कागद सोडून कान धरणं, हीच या धंद्याची जुनी परंपरा. काका स्वतः सांगतात की त्यांच्या प्रशिक्षणात मास्तर दिवसभर साउंडर वाजवत बसायचे आणि फळा कोराच असायचा. तक्ता आला तो बालवीरांच्या पुस्तकांतून आणि गाइडांच्या शेवटच्या पानावरून.

आता इंजिनिअरच्या बाजूला येतो, कारण त्याचंही सगळं खरं नाही. तो कॉख पद्धतीचा भक्त आहे. लुडविग कॉख हा जर्मन मानसशास्त्रज्ञ, त्याने १९३० च्या दशकात हे मांडलं: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण फक्त दोन अक्षरं. शंभरातली नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं, मग चौथं. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात के आणि एम पासून होते. एलसीडब्ल्यूओ नावाची साइट हे फुकट शिकवते, मोबाइलवर चालते, रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पद्धत उत्तम आहे, पोरांना पहिल्याच दिवशी दोन अक्षरं खरंच येतात आणि तो आनंद तक्त्याला नाही. पण हे पठ्ठे महिनोन् महिने पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट ऐकत बसतात. केएमआरएसयू, यूएसकेआरएम. त्याला काय अर्थ आहे? माणसं असं बोलतात का? अमुक इतक्या तासांत मोर्स येतो असे आकडेही फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका, पोरं स्वतःला मठ्ठ समजायला लागतात.

यावर एक फार जुना अभ्यास आहे. इंडियाना विद्यापीठातले ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारबाबूंवर केलेला. हार्टर स्वतः तारेवर काम केलेला माणूस. त्यांना दिसलं की पाठवायचा वेग सरळ वाढत जातो, पण ऐकून घ्यायचा वेग मधेच अडतो. आठवडेच्या आठवडे आलेख सपाट, पठारासारखा. मग अचानक पुन्हा चढतो. कारण त्यांनी असं लावलं की सुरुवातीला माणूस अक्षरं ऐकतो, नंतर शब्द, नंतर आख्खे वाक्यांश, आणि खालची पायरी अंगवळणी पडल्याशिवाय वरची येत नाही. पुढच्या संशोधकांनी या पठाराबद्दल शंका घेतल्यात हेही खरं, पण शिकणाऱ्या कुणालाही विचारा, दहाच्या आसपास अडकलो होतो असं सांगणारे भेटतीलच. आपली बारा पोरं गळाली ती बहुतेक याच पठारावर, आणि तिथे त्यांना कुणी सांगितलं नाही की हे सगळ्यांचं होतं. वर्गाची चूक कुठे झाली असेल तर ती इथे.

म्हणून माझं मत: अक्षरं कॉखच्या पद्धतीने घ्या, वेगाने वाजणारी, फटी लांब ठेवून. पंधरा-वीस अक्षरं आली की लगेच शब्द सुरू करा. आणि फटी हळूहळू कमी करा, नाहीतर त्या फटीत बसून विचार करायची नवी सवय लागते. आपल्या पोरांची एक जादा अडचण आहे, तिचा विचार कुणीच करत नाही. परीक्षेतला मजकूर इंग्रजी. इंग्रजी माध्यमातल्या पोराला टी-एच ऐकलं की पुढे ई येणार हे आतूनच कळतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला ते कळत नाही. त्याला सरावाला ठरावीक शंभरेक इंग्रजी शब्द वेगळे दिले पाहिजेत. हे मी इंजिनिअरला बोललो, त्याला पटलं, यादी करतो म्हणालाय. अजून केलेली नाही.

आता पाठवण्याबद्दल, कारण खरी जुंपली ती इथे.

काकांची की पितळेची, जुनी, वर-खाली दाबायची. इंजिनिअरकडे पॅडल आहे: दोन पाती, एक दाबलं की टिंबं, दुसरं दाबलं की रेघा, आणि मधलं इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यांची लांबी अचूक ठेवतं. तो म्हणतो, "काका, कशाला मनगट दुखवता, मशीन बरोबर टिंब काढतं." काका म्हणतात, "अरे बाळा, मग मशीनलाच बोलू दे, तू कशाला बसलायस?" एका रविवारी हे इतकं वाढलं की चहा तसाच राहिला.

मनगटाचा मुद्दा खोटा नाही. एकोणिसाव्या शतकातच तारबाबूंचे हात कायमचे जायचे. त्यावर उपाय म्हणूनच होरेस मार्टिन नावाच्या अमेरिकन माणसाने १९०४ मध्ये पातं थरथरवून आपोआप टिंबं काढणारी की पेटंट केली. तिला बग म्हणतात. सोय वाईट नसते. पण काकांचं ऐकून घ्या, ते टिंबांबद्दल बोलतच नाहीयेत. ते मधल्या फटींबद्दल बोलतायत, आणि दोन अक्षरांमधली फट पॅडलवरही माणसाच्याच हातात असते.

ती चुकली की काय होतं बघा. ए म्हणजे दि-दा, एन म्हणजे दा-दि. दोन्ही चिकटवून पाठवले तर दि-दा-दा-दि, म्हणजे पी. टी आणि एच चिकटले की दा-दि-दि-दि-दि, म्हणजे सहाचा आकडा. उलट सीक्यू, म्हणजे "कुणी आहे का" ही हाक, त्यातली अक्षरं मधेच तुटली तर पलीकडच्याला एन एन एम ए ऐकू येतं. टिंब थोडं लांब-आखूड झालं तर ऐकणारा सांभाळून घेतो. फट चुकली तर शब्दच बदलतो. आमच्या वर्गातली पॅडलवाली पोरं पंचवीसच्या वेगाने पाठवतात आणि ऐकणाऱ्याला काहीही लागत नाही. टिंब सुंदर, वाक्य गायब. भरधाव बोलणारा सूत्रसंचालक असतो ना, तसं.

दुसरी बाजूही आहे. जुन्या मंडळींना आपल्या 'हाता'चा फार अभिमान असतो. प्रत्येक ऑपरेटरची एक ढब असते, इंग्रजीत तिला फिस्ट म्हणतात, मूठ. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या चोरून ऐकणाऱ्या केंद्रांवरचे लोक जर्मन ऑपरेटर त्यांच्या हातावरून ओळखायचे. नूर इनायत खानची गोष्ट अनेकांना माहीत असेल. बडोद्यात जन्मलेले सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांची ही मुलगी. जून १९४३ मध्ये इंग्रजांनी तिला फ्रान्समध्ये गुप्त रेडिओ ऑपरेटर म्हणून पाठवलं, नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये गेलेली ती पहिली स्त्री ऑपरेटर. तिचा हात जड होता, की जोरात दाबायची, त्यावरून प्रशिक्षणात चेष्टाही व्हायची. पण ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेल्यावर जर्मनांनी तिच्याच सेटवरून लंडनला खोटे निरोप पाठवले आणि लंडन बराच काळ फसलं. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. हाताची ओळख हे प्रकरण खरं आहे, पण ते बोटांच्या ठशासारखं पक्कं नाही, हे तिच्या बाबतीत फार महागात पडलं.

म्हणून "हा माझा हात आहे" म्हणून गबाळं पाठवणाऱ्यांची मला दया येत नाही. मालवणी हेल असावा, वऱ्हाडी असावा, अहिराणी असावा, ऐकायला गोडच वाटतो. पण तोंडात तंबाखू धरून बोलणं याला हेल म्हणत नाहीत. काकांचा हात ऐका: रेघा किंचित लांब, टिंबं टणक, आणि प्रत्येक शब्दानंतर असा श्वास की लिहिणाऱ्याला घाई होत नाही. समोरचा नवखा वाटला की ते स्वतःहून वेग उतरवतात. समोरचा पाठवतो त्याहून जोरात आपण पाठवू नये, ही हॅम लोकांची जुनी रीत आहे. वर्गात सध्या हे फक्त काकांना माहीत आहे आणि त्यांना आठवड्यातून दहा मिनिटं मिळतात. मला हे बरोबर वाटत नाही.

हात आधी की कान आधी, यात मात्र मी इंजिनिअरकडून आहे. जे अक्षर कानाला ओळखता येत नाही ते हाताने पाठवायला लावलं तर चुकीची लय बसते, आणि बसलेली लय उठवणं नवीन शिकण्याहून अवघड. पण महिनाभर की ला हातच लावायचा नाही, हा अतिरेक झाला. आज कान ओळखतोय ती चार अक्षरं आजच पाठवा की. पोरांना की हातात हवी असते. वर्गाला येतात कशासाठी ती?

आणि परीक्षा घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मिनिटाला आठचा निकष ठेवायचाय तर ठेवा, पण वाजवताना अक्षरं पंधरा-वीसच्या वेगाची आणि फटी लांब, असा मजकूर निवडायची सोय उमेदवाराला द्या. ज्याला सलग आठचा हवा त्याला तो द्या. खर्च शून्य, आता हे सगळं संगणकच वाजवतो. दुसरं, पाठवण्याच्या परीक्षेत नुसत्या चुका मोजू नका, फटी बघा, आणि नापास झालेल्याला कुठे गेलं ते सांगा. आमचं पोरगं दोनदा रात्रभर एसटीत बसलं, त्याला फक्त निकाल कळला, कारण कळलं नाही. कुठल्याही परीक्षेत हे चूकच. हे निवेदन मराठी-इंग्रजीत लिहून ठेवलंय, वर्गातली सगळी पोरं आणि काका सही करतायत. सर करतील की नाही ते बघू, अजून विचार करतो म्हणालेत.

शेवटचं, कामाचं. वर्ग रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, फी नाही. गळालेल्यांनी परत यावं, कुणी काही बोलणार नाही, मी स्वतः सांगितलंय. कुणाच्या घरी आजोबांची किंवा वडिलांची तारखात्यातली की माळ्यावर पडली असेल तर वर्गाला वापरायला द्या, नाव लिहून घेऊ आणि परत करू. नऊ पोरांत सध्या दोनच की आहेत. एक काकांची, दुसरी पोरांनी हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडची केलेली.